काकूंची मुदतवाढ

सिस्टीम सांभाळणारा मुलगा गेला, हे कारखान्यात लक्षात यायलाच बरेच दिवस लागले. त्याच्या टेबलावर चहा यायचा, गार व्हायचा, परत जायचा. सगळ्यांना वाटायचं, आत्ता तर इथेच होता. खुर्चीवर त्याचा स्वेटर होता, आणि स्वेटर असला की माणूस असतोच, असा ऑफिसांचा सर्वसाधारण समज आहे. शेवटी एका सकाळी इस्त्री विभागातल्या निम्म्या बायका गेटबाहेर अडकल्या, कारण त्यांची कार्डं चालेनात. मग शोध लागला की सगळ्यांची कार्डं चालू ठेवणाऱ्या मुलाचंच कार्ड कधीचं बंद पडलंय.

कारखाना धुलाईचा होता. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे गाऊन, मेजवान्यांची टेबलक्लॉथं. शहरातले लोक जिथे जिथे झोपतात, आजारी पडतात आणि अंगावर आमटी सांडून घेतात, तिथलं सगळं कापड इथे यायचं आणि पांढरं होऊन परत जायचं. कामाला माणसं पुष्कळ लागत, पण कायमचं जवळजवळ कुणी नसे. वेगवेगळ्या एजन्सींकडून ती यायची, ठरावीक मुदतीपुरती. कोण कुठून आलं, कधीपर्यंत आहे, हे सगळं त्या सिस्टीममध्ये असे. मुदत संपायच्या आत ऑफिसातल्या साहेबानं 'मुदतवाढ' दाबली तर माणूस राहायचा. नाही दाबली, तर त्याचं कार्ड आपोआप मरायचं. सिस्टीमच्या मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं. तिला मनच नाही, हा तिचा मोठा गुण म्हणून विकणाऱ्यांनी सांगितला होता.

ते बटण दाबणारा साहेब म्हणजे धाकटा. घरात सगळ्यांत लहान म्हणून धाकटा, आणि ताईनं एकदा ऑफिसात फोन करून "आमचा धाकटा आहे का हो?" असं विचारलं तेव्हापासून पाठीमागे सगळे त्याला तेच म्हणत. माणूस कष्टाळू होता, सरळ होता. फक्त त्याला आयुष्यात आपण होऊन कधी काही आठवलं नव्हतं. आधी आई आठवण करायची, आईनंतर ताई करू लागली. तो ताई आणि भावोजींकडेच राहायचा. सकाळी तो दाराबाहेर पडला की ताई आतून ओरडायची, "किल्ली! पाकीट! पॅन्ट!" तिसरं ती गमतीनं म्हणते असा भावोजींचा समज होता. तो तिनं कधी खोडून काढला नाही.

तर, नवीन माणूस हवं होतं. मुदतींवर लक्ष ठेवणारं, एजन्सींशी बोलणारं, धाकट्याला वेळेवर आठवण करणारं. तेही एजन्सीकडूनच, मुदतीवरच घ्यायचं, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं. "परमनंट माणूस घेतला की तो परमनंट होऊन बसतो," असा त्यांचा गाढा अनुभव होता. ते स्वतः परमनंट होते, तेव्हा त्यांना माहीत असणारच.

मुलाखतींना तिघं आली. पहिल्यानं प्रत्येक प्रश्नाला "ते परिस्थितीवर अवलंबून आहे" असं उत्तर दिलं. नाव विचारल्यावरही तो क्षणभर थांबला. दुसरीनं आपली सर्टिफिकेटं टेबलावर इतकी पसरली की धाकट्याला स्वतःचा पेन सापडेना. तिसऱ्या एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्याला मोठी तपकिरी पर्स.

"अनुभव?"

"चार कंपन्यांत याच कामाचा. चौथी कंपनी बंद पडली, पण तिची सिस्टीम कुणी बंद केली नाही. ती अजून मला मधूनमधून विचारते, माणसं पाठवू का."

"मग?"

"नको म्हणते. काही कळवलं नाही तर जिवाला घोर लागायचा बिचारीच्या."

धाकट्यानं मान वर करून पाहिलं. बाईंचा चेहरा अगदी गंभीर होता.

"इथे आल्यावर पहिलं काय कराल?"

"खाली जाऊन माणसं बघून येईन. ज्यांच्या तारखा सांभाळायच्या, त्यांची तोंडं तरी माहीत हवीत."

"तुमची काही अपेक्षा?"

बाईंनी पर्स मांडीवर सरळ केली. "एकच. या वयात मला पुन्हा मुलाखत द्यायला लावू नका. दर ठिकाणी माझ्या मुलाच्या वयाचा कुणीतरी विचारतो, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? आमचे हे घरी असतात, गुडघे गेलेत त्यांचे. संध्याकाळी विचारतात, काय गं, कुठे बघतेस मग? आणि स्वतःच हसत सुटतात."

धाकट्याच्या कागदावर पुढचा प्रश्न नेमका तोच होता. त्यानं तो हातानं झाकला.

"काकू," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण त्यांना काकू म्हटलं. "तुम्ही स्वतःहून सोडाल तेव्हाच इथून जाल. शब्द देतो."

त्या क्षणी तो अगदी मनापासून बोलला होता. तीच तर पंचाईत.

काकू आल्या आणि ऑफिसाला सूर सापडला. ऑफिस धुलाईच्या हॉलच्या वर होतं. खालची वाफ चढून काकूंच्या टेबलामागची काच दिवसभर धुरकट राहायची. ज्याची तारीख जवळ आली त्याचं चित्र काकू त्या काचेवर बोटानं काढत. इस्त्रीवालीसाठी इस्त्री, ड्रायव्हरसाठी ट्रक. चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईसाठी त्यांनी चष्मा काढला, कारण चष्मा नसल्यामुळे ती घड्या अंदाजानं घालायची आणि एका हॉटेलनं तिरक्या चादरींबद्दल दोनदा तक्रार केली होती. मग काकू धाकट्याच्या टेबलापाशी यायच्या. तो मान खाली घालूनच विचारायचा, "बोला काकू. आज कोण?"

"चष्मेवाली. आता तिनं चष्मा केलाय. घड्या सरळ येतात, पण त्यामुळे तिला आपण कशाकशाच्या घड्या घालतो ते दिसायला लागलंय. थोडी नाराज आहे. पण ठेवा."

धाकटा बटण दाबायचा. काकू जाऊन चित्र पुसायच्या. सिस्टीमही आपल्या परीनं त्याला मेल पाठवायची, पण ती मुदतीचं, बॉयलरच्या तापमानाचं आणि स्वतःच्या तब्येतीचं सगळं एकाच सुरात कळवायची. काकू आल्यावर पहिल्याच आठवड्यात धाकट्यानं तिच्या सगळ्या मेलना एक वेगळा कप्पा करून दिला आणि तो कप्पा पुन्हा उघडला नाही. काकू असताना यंत्राचं कशाला ऐकायचं? विश्वासाच्या पोटी माणूस काय काय बंद करून ठेवतो.

गेटवरचा पहारेकरीही मुदतीवरचाच. साडेसहा फूट माणूस, आवाज मात्र लहान मुलासारखा. "काकू, माझी तारीख बघा हां," एवढंच तो रोज म्हणायचा. "बघते रे बाबा. तू तेवढं गेट बघ," काकू म्हणायच्या. असा दोघांचा करार होता.

मग ती संध्याकाळ आली. धाकटा एका हॉटेलशी हरवलेल्या उशांच्या अभ्र्यांवरून मेलवर भांडत होता. काकू टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बोला काकू. आज कोण?"

काकू काही बोलेनात. धाकट्याची बोटं अभ्र्यांवर चालूच.

"कोण?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. "चहा गार होतोय तुमचा."

त्यानं चहा प्यायला. बरोबर सांगितलं त्यांनी, गार झाला होता. जाताना त्यानं काच पाहिली, कोरी होती. आज कुणाची तारीख नाही, म्हणून त्याला बरंही वाटलं.

सकाळी गेटवरून फोन आला. "साहेब, काकूंचं कार्ड लाल येतंय."

"पुन्हा लावा."

"लावलं. उलटं लावलं. पुसून लावलं. एकदा माझ्या छातीला लावून गरमही करून बघितलं."

धाकटा जिने उतरून धावला. काकू गेटच्या पलीकडे उभ्या होत्या, पर्स खांद्याला, डबा हातात. त्यांच्या मागे रात्रपाळीच्या सुटलेल्या बायका थांबल्या होत्या.

"सोडा त्यांना आत!"

"साहेब, मी सोडलं तर माझंही लाल होणार," पहारेकरी म्हणाला. त्याचा आवाज आणखी बारीक झाला होता. "आणि मग माझी आठवण करायला काकू आत नसणार. काकू, तुमच्यामुळे माझं कार्ड चालतं आणि मी तुम्हालाच अडवतोय. मला कसंतरीच होतंय."

"अडव रे. तुझं कामच आहे ते," काकू म्हणाल्या.

धाकटा गजांना धरून उभा राहिला. पुढे कितीतरी दिवस तो या जागेवर म्हणायची चांगली चांगली वाक्यं मनात जुळवत राहिला. एक तर इतकं सुंदर जमलं होतं की ते त्याला आंघोळीच्या वेळी सुचलं आणि तो डोळ्यांत साबण घेऊन उभा राहिला. पण तेव्हा तोंडातून निघालं ते असं,

"काकू, मग आठवण का नाही केलीत?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राहिलं खरं," त्या म्हणाल्या. "येते मी. सकाळच्या गडबडीत यांना चहा द्यायचाही राहिलाय. तो तरी देते."

मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग आता दाबा ना मुदतवाढ."

"तारीख उलटली सर. आता ती जागा नव्यानं उघडावी लागेल."

"मग उघडा."

"जागा सिस्टीम सांभाळणारं माणूसच उघडू शकतं."

"मग बोलवा त्याला."

"तीच जागा रिकामी आहे सर."

मोठ्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "रिकामी आहे ते ठीक," ते म्हणाले, "पण त्या जागेवरचा माणूस करतोय काय?"

शेवटी वरून कुणालातरी सांगून तो अधिकार तात्पुरता धाकट्याच्या नावावर आला. अधिकार आला, अक्कल आली नाही. त्यानं काकूंना फोन लावला.

"काकू, तुमचीच जागा उघडतोय. कशी उघडायची?"

दुसरा कुणी असता तर फोन आपटला असता. काकू म्हणाल्या, "थांबा, गॅस बारीक करते." मग आल्या. "डाव्या हाताला वर तीन आडव्या रेघा दिसतात? त्यांच्यावर टिचकी मारा. हळू. ती दचकते आणि परत पहिल्या पानावर जाते."

एकेक पायरी त्या सांगत गेल्या, तो दाबत गेला. स्वतःची जागा दुसऱ्याच्या हातानं अशी बोट धरून उघडून देणारी बाई सिस्टीमनंही पाहिली नसेल. आता एजन्सी परत काकूंचंच नाव पाठवणार, उद्या-परवा काकू खुर्चीवर. धाकट्याला अगदी हलकं वाटायला लागलं.

"आता पुढे ती एक-दोन गोष्टी विचारेल," काकू म्हणाल्या. "काय दिसतंय?"

पडद्यावर दिसत होतं, 'आधीचे कर्मचारी जाण्याचे कारण निवडा.'

धाकट्यानं ते वाचलं. मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं. आणि मिटलं. हे त्यांनाच कसं विचारायचं? काकू, तुम्ही का गेलात म्हणून टाकू?

"नको नको, काकू. पुढचं जमेल मला."

"नक्की? विचारा हो, मी आहे."

"नक्की. तुम्ही गॅस बघा."

फोन ठेवून तो कारणांकडे बघत बसला. 'काम असमाधानकारक.' छे. 'गैरवर्तन.' काकूंचं? त्यांनी आजवर सिस्टीमलासुद्धा दुखावलं नव्हतं. 'गरज संपली.' यावर त्याचं बोट थोडं थांबलं, पण काकूंच्या नावापुढे हे दोन शब्द लिहवेनात. शेवटचं होतं, 'स्वतःहून काम सोडले.' 'साहेब विसरला' हे कारण यादीत नव्हतं. इतक्या मोठ्या सिस्टीममध्ये इतकं साधं कारण कुणी घातलं नव्हतं.

स्वतःहून सोडले, हे त्यातल्या त्यात बरं दिसत होतं. जरा मान राहतो. ताठ उठून गेल्यासारखं. त्यानं काकूंच्या इज्जतीसाठी ते निवडलं आणि दाबून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या बाईंचा फोन आला. "साहेब, काकूंचं नाव पाठवता येत नाहीये. तुम्हीच लिहिलंय ना, काम सोडून गेल्या?"

"हो. म्हणजे, तसं बरं दिसतं म्हणून."

"अहो, असं सोडून जाणाऱ्याला सिस्टीम वर्षभर बंद करते. तुमच्याकडेच नाही, ती वापरणाऱ्या सगळ्याच कंपन्यांत. 'गरज संपली' टाकायचं असतं. सगळे तेच टाकतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. काकूंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

धाकट्यानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. दुसऱ्या कानालाही तेच ऐकू आलं.

"बदला ना ते. चुकून झालं."

"बदलता येत नाही. लोक ऐन कामात पळून जायचे आणि मागून कारण बदलून घ्यायचे, म्हणून हा नियम झाला. तुमच्याच मोठ्या साहेबांनी मागून घेतला होता, फार पाठपुरावा करून."

मोठ्या साहेबांना नियम आठवत नव्हता, पण ऐकल्यावर तो त्यांना आवडला.

घरी ताईनं त्याचं तोंड बघून ताट बाजूला केलं आणि सगळं काढून घेतलं.

"पण त्यांनी एक शब्द बोलायला काय हरकत होती?" धाकटा म्हणाला. "सगळ्यांची आठवण करायच्या. स्वतःची तेवढी नाही?"

"गाढवा," ताई म्हणाली, "माझा वाढदिवस तुला कसा आठवतो?"

"तू आदल्या दिवशी सांगतेस ना."

"दर वर्षी. माझ्या तोंडानं माझा वाढदिवस. वर तुला दुकानही मीच सांगते. मी बहीण आहे, मी लाज कधीच गुंडाळून ठेवली. त्या बाईनं ठेवली नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा."

भावोजी तिसऱ्यांदा वाढून घ्यायला उठले होते, ते अर्ध्यात बसले. त्यांनाही एक तारीख आठवेना झाली होती.

काकूंच्या घरी धाकटा आठवडाअखेर गेला. दार काकांनी उघडलं, काठीवर रेलून. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या. तुम्हीच ते 'शब्द देतो' का?"

धाकट्यानं मान डोलावली. दुसरं काही ओळखपत्र त्याच्याजवळ नव्हतं.

आतल्या खोलीत काकू खिडकीपाशी बसून उशीला अभ्रा घालत होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं पाणी न पिता सगळं सांगून टाकलं, घाईघाईत, ग्लासकडे बघत. 'स्वतःहून' पाशी आला तसा काकूंचा हात अभ्र्यातच राहिला.

"आणि 'गरज संपली' का नाही टाकलंत?"

"तुमची गरज संपली असं लिहवेना, काकू."

"अहो," काकू हळू म्हणाल्या, "ते जागेबद्दल असतं. माझ्याबद्दल कुठे असतं ते?"

"मला ते विचारायला लाज वाटली."

"हं." काकूंनी उशी मांडीवर घेतली. "मलाही वाटली. आले होते मी तुमच्या टेबलापाशी. तुम्ही विचारलंत, आज कोण? आता काय म्हणायचं, मी? दुसऱ्यासाठी मागताना तोंड कसं चालतं माझं. स्वतःचं मागायची वेळ आली आणि डोळ्यांसमोर तुमचा चहा आला. शिवाय वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. बोलला होतात ना."

"दुसरीकडे कुठे...?"

"सगळीकडे हीच सिस्टीम आहे. आणि वर्षानं मला कोण बोलावणार? तेव्हा मुलाखत घ्यायला माझ्या नातवाच्या वयाचा येईल."

"पाच वर्षांनी कुठे बघतेस, त्याचं उत्तर मिळालं," काका दारातून म्हणाले. "इथेच. माझ्यासमोर." विनोद होता तो. पण या वेळी तेही हसले नाहीत.

धाकटा उठला. माफी मागायची म्हणून तो आला होता. ती त्यानं मागितली, आणि काकूंनी "असू दे हो" म्हणून ती ठेवून घेतली. एखाद्यानं आणलेली नको असलेली वस्तू पाहुण्यासमोर फडताळात ठेवावी, तशी. दारापर्यंत त्या पोचवायला आल्या.

"एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

धाकटा आशेनं वळला.

"गेटवाल्याची तारीख येत्या आठवड्यात आहे. विसरू नका. बायकोचे दिवस भरत आलेत त्याच्या."

सोमवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या, जॅकेटही न काढता, धाकट्यानं पहारेकऱ्याची मुदतवाढ दाबली. मग खाली जाऊन त्याला सांगितलंही. साडेसहा फुटाच्या माणसाचे डोळे भरून आले. "साहेब, कुणी आठवण केली?" त्यानं विचारलं. धाकट्यानं त्याच्या खांद्यावर थोपटायला हात उचलला, पण तो खांद्यापर्यंत पोचला नाही, म्हणून कोपरावर थोपटलं.

काकूंच्या जागेवर एजन्सीनं एक तरुण पाठवला. हुशार, नम्र, कानात सतत काहीतरी घातलेला. धाकट्यानं या वेळी शपथच घेतली होती. पहिल्याच सकाळी तो त्याच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "तुमची मुदत कधी संपते?"

तरुणानं कानातलं काढलं. "सर? माझं काही चुकलं का?"

"नाही, नाही. मला लक्षात ठेवायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, कारण तो विसरला होता. तिसऱ्या दिवशीही विचारलं. इस्त्रीतल्या बायकांना विचारलं, ड्रायव्हरांना विचारलं. कारखाना बंद पडणार अशी बातमी दुपारपर्यंत पार बॉयलरपर्यंत गेली, आणि चष्मेवालीनं त्या दिवशी सगळ्या चादरींच्या घड्या पुन्हा तिरक्या घातल्या. आठवडा संपायच्या आत तरुणानं दुसरीकडे काम शोधलं आणि तो निघून गेला. स्वेटर घेऊन गेला. सिस्टीमनं कारण विचारलं तेव्हा धाकट्यानं शोधून शोधून 'गरज संपली' निवडलं. खरं तर या वेळी तो खरोखरच स्वतःहून गेला होता.

जागा पुन्हा रिकामी झाली. कोपऱ्यात चहा येऊन गार होत होता. धाकटा काकूंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. काच वाफेनं पांढरी झाली होती. त्यानं बोटानं त्यावर एक पर्स काढली, मोठी, खांद्याच्या पट्ट्याची. चित्रकलेचा त्याचा हात मुळात वाईट. पर्स बादलीसारखी झाली. पुसून दुसरी काढावी म्हणून तो वाफ परत जमायची वाट बघत राहिला. खाली चादरी फिरत होत्या.

"साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "आज कुणाची तारीख आहे का?"

"आहे," धाकटा म्हणाला. "होती."